हेडफोनएवढाच खर्च ॲम्पवर? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला पाच जणांनी पाठवला. त्यातल्या तिघांनी नुकतेच चांगले, भारीतले हेडफोन घेतले होते आणि तिघांचाही प्रश्न एकच होता: "म्हणजे आता ॲम्पही घ्यावा लागणार का?" मजकुराचा सूर ठाम आहे, लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याचं म्हणणं असं, की घरी ऐकायला उंची हेडफोन घेतला तर त्याच्याएवढाच खर्च ॲम्प्लिफायरवर, म्हणजे सिग्नलला ताकद देऊन हेडफोन वाजवणाऱ्या डब्यावर, करा, नाहीतर हेडफोन "अर्धाच वाजतो". पुष्टीला सहा मुद्दे जोडलेत: जास्त ओहमचा हेडफोन जड असतो. नुसता आवाज मोठा झाला म्हणजे हेडफोन "चालला" असं होत नाही, मागे राखीव ताकद लागते. प्रत्येक ॲम्पला आपला असा आवाज असतो. बॅलन्स्ड जोडणी नेहमीच सरस. शंभर तास वाजवल्याशिवाय मत देऊ नका. आणि शेवटचा, सगळ्यांना गप्प करणारा: मापं काहीही सांगोत, कान खोटं बोलत नाहीत.

मजकुरातलं सगळंच खोटं असतं तर काम सोपं होतं. मधूनमधून खरं आहे, म्हणून तर तो पटतो. तेव्हा एकेक घेऊ.

"तीनशे ओहम म्हणजे जड हेडफोन"

सगळ्यात मोठा घोळ इथे आहे, त्यामुळे इथे जरा बैठक मारून हिशेब करू.

ओहमचा आकडा म्हणजे इम्पिडन्स, हेडफोन विजेला किती अडवतो ते. तो किती मोठ्याने वाजेल हे त्या एकट्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरा आकडा लागतो, सेन्सिटिव्हिटीचा. आणि तो कंपन्या दोन तऱ्हांनी छापतात. कुणी सांगतं एका मिलिवॉटला किती डेसिबल, कुणी सांगतं एका व्होल्टला किती डेसिबल. दोन हेडफोनचे आकडे शेजारी मांडताना एवढं जरी पाहिलं नाही, तरी तुलना सपशेल चुकते.

सेनहायझरचा एचडी ६५० घ्या. २००३ साली आलेला, ३०० ओहमचा, या "जड" जमातीचा म्होरक्या. कंपनीचा आकडा आहे एका व्होल्टला १०३ डेसिबल. आता समजा संगीतातले सगळ्यात जोरकस क्षण ११० डेसिबलपर्यंत न फाटता पोचले पाहिजेत. (हे पुष्कळ झालं. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची शिफारस सरासरी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. एकसारखं ११० वर ऐकणाऱ्याने ॲम्पच्या आधी कानाच्या डॉक्टरकडे जावं.) १०३ वरून ११० वर जायला सात डेसिबल हवेत, म्हणजे व्होल्टेज सव्वादोनपट. साधारण २.२ व्होल्ट. त्यासाठी करंट साडेसात मिलिअँपिअर, आणि ताकद सगळी मिळून १७ मिलिवॉट.

आता हायफायमॅनचा सुसवारा. हा प्लेनर जातीचा, म्हणजे नेहमीच्या तारेच्या कॉइलऐवजी पातळ पडद्यावरच वाहक पट्ट्या छापलेल्या आणि तो पडदा चुंबकांच्या समोर ताणलेला. इम्पिडन्स फक्त ६० ओहम. मजकुराच्या न्यायाने हा हलका. पण त्याची सेन्सिटिव्हिटी आहे एका मिलिवॉटला ८३ डेसिबल. ११० गाठायला २७ डेसिबल वर चढायचं आणि दर दहा डेसिबलला ताकद दहापट. हिशेब येतो साधारण ५०० मिलिवॉटवर: साडेपाच व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअर.

म्हणजे ६० ओहमवाला ३०० ओहमवाल्यापेक्षा तीसपट ताकद खातो. ओहमकडे बघून वजन ठरवणाऱ्याने इथे थांबून विचार करावा.

बायरडायनॅमिकने तर हा प्रयोग आपल्यासाठी करूनच ठेवलाय. त्यांचा डीटी ८८० हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत निघाला. सेन्सिटिव्हिटी तिन्हींची एका मिलिवॉटला ९६ डेसिबलच्या आसपास. ११० डेसिबलसाठी तिन्हींना लागतात तेच २५ मिलिवॉट. फरक पडतो तो व्होल्टेजमध्ये. ३२ ओहमला ०.९ व्होल्टमध्ये भागतं, २५० ला अडीच लागतात, ६०० ला जवळपास चार. फोन किंवा लॅपटॉप कमी व्होल्टेजवर चालणारी यंत्रं, त्यांच्या जॅकमधून चार व्होल्ट निघत नाहीत, म्हणून ६०० ओहमवाला तिथे दबका वाजतो. एवढीच गोष्ट. करंटच्या दृष्टीने तर जास्त ओहमचा हेडफोन ॲम्पला सोपा. चार व्होल्ट देऊ शकणाऱ्या साध्या चिपलाही त्याचा ताण येत नाही.

फोनला लावायचे टाइप-सी डोंगल, म्हणजे हेडफोनचा जॅक देणारे छोटे जोड, मिळतात, त्यांतले अनेक साधारण एक व्होल्ट देतात. त्यावर एचडी ६५० थेट १०३ डेसिबलपर्यंत जातो. आजकालच्या दाबून मोठ्या केलेल्या रेकॉर्डिंगना हे भरपूर झालं. मात्र ज्यात तंबोऱ्याच्या जोडीची कुजबुजही आहे आणि पखवाजाची थापही, असं मोकळं, न दाबलेलं रेकॉर्डिंग ऐकायची सवय असेल, तर नॉब शेवटाला टेकेल आणि "अजून थोडं हवं होतं" असं वाटेल. तेव्हा ॲम्प घ्याच. पण छोटा.

"आवाज मोठा झाला म्हणजे हेडफोन चालला असं नाही"

या वाक्याला एक गूढ वलय आहे. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला काहीतरी कळलेलं नाही. खरं तर यात कळण्यासारखं फारसं काही नाही.

हेडफोनच्या ड्रायव्हरला, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या भागाला, दोनच गोष्टी कळतात: त्याच्या टोकांवर या क्षणी किती व्होल्ट आहेत आणि समोरच्या ॲम्पचा स्वतःचा अडथळा, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स, किती आहे. मागच्या डब्यात सहा वॉट आहेत की साठ, हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. सहा वॉटचा ॲम्प एक मिलिवॉट पाठवतो तेव्हा एक मिलिवॉटच जातो. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण म्हणतो ते बरोबरच. पण आडात कितीही असलं तरी पोहऱ्यात पोहऱ्याएवढंच येतं, हेही तितकंच खरं.

ताकद अपुरी पडते तेव्हा ती लपत नाही. जोरकस जागी आवाज फाटतो, तबल्याच्या चाटेला किंवा सतारीच्या जोरकस आघाताला कडा करकरीत होते, आणि नॉब थोडा मागे घेतला की ते जातं. असं काही होत नसेल आणि नॉब अर्ध्यावरच असेल, तर "न चाललेला" हेडफोन ही फक्त कल्पना.

राहिला बास. मजकूर म्हणतो, तगडा ॲम्प पडद्याला घट्ट धरतो, त्याने बास ताठ होतो. आणि जाहिरातींत डॅम्पिंग फॅक्टरचे, म्हणजे याच पकडीचे, हजारांतले आकडे असतात. तत्त्व खरं आहे. पडदा हलत राहिला की तो स्वतःच थोडी वीज तयार करतो आणि ती ॲम्पमधून फिरून पडद्याला आवरते. पण ती वीज फिरताना हेडफोनच्या स्वतःच्या कॉइलमधूनही जाते. एचडी ६५० मध्ये तिथे आधीच तीनशे ओहमच्या आसपास अडथळा बसलेला. ॲम्पचा अडथळा ०.१ ओहम असला तर बेरीज ३००.१, दोन ओहम असला तर ३०२. या दोघांतला फरक पडद्याला जाणवेल असं ज्याला वाटतं, त्याने बेरीज पुन्हा करून पाहावी.

जिथे मजकूर बरोबर आहे

आता कबुली. तीन-चार ठिकाणी ॲम्पने खरोखर फरक पडतो, आणि तो छोटा नसतो.

पहिली जागा म्हणजे वर सांगितलेला सुसवारा आणि त्याच्या घरातला जुना एचई-६, अशी भुकेली मंडळी. फोनच्या जॅकवर त्यांच्याकडून अपेक्षा ठेवणं चूकच. एकेजीचा के १००० तर असा होता, की त्याला हेडफोनचा जॅकच नव्हता. तो स्पीकरच्या ॲम्पलाच जोडायचा.

दुसरी म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन. स्टॅक्स या जपानी कंपनीने १९६० साली पहिला काढला. यांत कॉइल नसते. दोन जाळ्यांच्या मध्ये अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याच्यावर कायम विजेचा भार ठेवावा लागतो. स्टॅक्सच्या आजच्या हेडफोनमध्ये तो ५८० व्होल्टचा आहे. यांना स्वतःचं खास यंत्र लागतं, आणि ते नसेल तर हेडफोन वाजणारच नाही. इथे "ॲम्प घ्यावा का" हा प्रश्नच उरत नाही.

तिसरी जागा मजकुराच्या अगदी उलटी. कानात घालायचे, आत बारीक बारीक अनेक ड्रायव्हर असलेले इयरफोन. हे इतके संवेदनशील असतात, की मोठ्या ॲम्पला जोडले तर गाणं सुरू होण्याआधीच बारीक सूंऽऽ ऐकू येतं, आणि नॉब केसभर हलवला तरी आवाज अंगावर येतो. यांना हवा शांत, कमी गेनचा, म्हणजे सिग्नल कमी पटीने वाढवणारा ॲम्प. शिवाय यांचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला वेगळा. समजा सुरांच्या एका पट्टीत तो ८ ओहम आहे आणि दुसरीकडे ४०, आणि ॲम्पचा स्वतःचा अडथळा १० ओहम. पहिल्या जागी इयरफोनला व्होल्टेजचा ४४ टक्के वाटा मिळेल, दुसऱ्या जागी ८० टक्के. तब्बल पाच डेसिबलचा फरक! गायकाचा गळाच बदलल्यासारखा वाटेल. म्हणून ठोकताळा असा, की ॲम्पचा अडथळा हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा. ॲम्प विकत घेताना बघायचा आकडा असेल तर हा, वॉटचा नंतर.

चौथी म्हणजे डेस्कटॉप कॉम्प्युटरचा पुढचा जॅक. माउस हलवला की कानात किरकिर. याला औषध आहे यूएसबीवर चालणारा बाहेरचा छोटा डबा, आणि तो भारीतला असण्याची गरज नाही.

"प्रत्येक ॲम्पला स्वतःचा आवाज असतो"

मजकुरातला हा सगळ्यात लाडका मुद्दा. ट्यूबचा (जुन्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) ॲम्प उबदार, सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) कोरडा, अमका "रेशमी", तमका "दाणेदार". विशेषणं ऐकून वाटावं की कापडाच्या दुकानात आलोय.

ट्यूबचं आधी घेऊ, कारण तिथे लोक जे ऐकतात ते बऱ्याचदा खरंच असतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब ॲम्पचा स्वतःचा अडथळा बराच असू शकतो, शंभर ओहमच्या पुढेसुद्धा. आणि एचडी ६५० चा इम्पिडन्स सगळीकडे ३०० नाही. बासच्या पट्टीत, जिथे पडद्याचा स्वतःचा झोका आहे, तिथे तो ५०० च्या आसपास चढतो. आता १२० ओहमचा ॲम्प धरला तर ३०० च्या जागी हेडफोनला ७१ टक्के व्होल्टेज मिळतं आणि ५०० च्या जागी ८१ टक्के. फरक एक डेसिबल. बास एक डेसिबलने, पण रुंद पट्टीत वर आला. हाच तो "उबदारपणा", वर ट्यूबने मिसळलेली थोडीशी दुसरी हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर. ऐकायला छान लागतं, मलाही आवडतं. पण त्याला ॲम्पचा आत्मा वगैरे म्हणू नये. साध्या ॲम्पच्या पुढे प्रत्येक बाजूला एक १२० ओहमचा रेझिस्टर डकवला, की त्यातला मोठा भाग तसाच मिळतो. मी डकवून पाहिलाय. आणि तोच ट्यूब ॲम्प एखाद्या प्लेनरला लावला तर ही ऊब गायब होते, कारण प्लेनरचा इम्पिडन्स सपाट असतो. सगळ्या पट्ट्या सारख्याच खाली येतात, फक्त आवाज कमी होतो. ॲम्पचा "स्वभाव" हेडफोन बदलला की बदलत असेल, तर तो एकट्या ॲम्पचा नव्हे.

१९८५ चा किस्सा इथे सांगायलाच हवा. अमेरिकेतले ॲम्प बनवणारे बॉब कार्व्हर यांनी "स्टिरिओफाइल" मासिकाच्या मंडळींना आव्हान दिलं: तुमच्या आवडीचा कुठलाही भारी ॲम्प द्या, मी माझा साधा सॉलिड स्टेट ॲम्प हुबेहूब तसा वाजवून दाखवतो. त्यांनी एक महागडा ट्यूब ॲम्प दिला. कार्व्हर हॉटेलच्या खोलीत सोल्डरिंग गन घेऊन बसले. दोन्ही ॲम्पना एकच संगीत द्यायचं, एकाचा आवाज दुसऱ्यातून वजा करायचा, जी शिल्लक ऐकू येते ती कमी करत न्यायची. शिल्लक जवळपास शून्यावर आली तेव्हा मासिकाच्या कसलेल्या कानांनाही दोघांत फरक सांगता आला नाही. ते स्पीकरचे ॲम्प होते, हेडफोनचे नव्हते. पण गणित तेच. ज्याला आवाजाचा स्वभाव म्हणतात, तो मोजता येतो, वजा करता येतो आणि दुसऱ्या डब्यात भरताही येतो.

दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, "स्टिरिओ रिव्ह्यू" या दुसऱ्या मासिकाने पंचवीस जणांना बसवून स्वस्त-महाग ॲम्प न दाखवता ऐकवले. विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे, दोन्ही तऱ्हेचे लोक होते. आवाजाची पातळी जुळवल्यावर निकाल नाणेफेकीच्या आसपास घुटमळला.

हेडफोनच्या जगात हा प्रश्न एका निनावी माणसाने जवळपास मिटवला. एनडब्ल्यूएव्हीगाय असं नाव लावणाऱ्या कुणा इंजिनिअरने २०११ मध्ये ओ२ नावाच्या ॲम्पचा आराखडा, मापांसकट, फुकट जाहीर केला. दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरही चालणारा, सहज मिळणाऱ्या चिपांचा. कुणीही घरी बनवावा. २०१२ मध्ये तो माणूस एकदम गप्प झाला. कोण होता ते आजवर उघड झालेलं नाही. त्याचा ॲम्प मात्र नंतरही बनत राहिला. खरखर किंवा आवाजातला दोष कानाच्या आवाक्याखाली नेणं ही आता कोडं राहिलेली गोष्ट नाही, हे त्याने सुट्या भागांच्या एका यादीनिशी दाखवून दिलं.

"बॅलन्स्ड नेहमीच सरस"

हे पटकन उरकतो. बॅलन्स्ड जोडणीत प्रत्येक कानाला दोन ॲम्प उलटसुलट ढकलतात, त्यामुळे व्होल्टेज दुप्पट होतं, म्हणजे आवाज सहा डेसिबलने मोठा. भुकेल्या हेडफोनला हे कामाचं. पण दुकानात साधा जॅक काढून बॅलन्स्ड जॅक लावतात, नॉबला हात लावत नाहीत, आणि विचारतात, "वाटला ना फरक?" सहा डेसिबलचा फरक ऐकू आला नाही तरच नवल. ॲम्पचा स्वतःचा अडथळाही या जोडणीत दुप्पट होतो, ते कुणी सांगत नाही. स्टुडिओत लांबलचक मायक्रोफोनच्या केबलला बॅलन्स्ड लागते ती बाहेरची खरखर मारायला. दीड-दोन मीटरच्या हेडफोनच्या केबलला तो आजारच नाही.

"शंभर तास वाजू द्या"

शंभर तासांत बदलतो तो बहुधा ऐकणारा. आपला मेंदू नव्या आवाजाला सरावतो, जशी नव्या चष्म्याची सवय होते. हेडफोनमध्ये खरोखर बदलणारी वस्तू म्हणजे इयरपॅड. ते दबतात, कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, आवाज बदलतो. माझ्या हेडफोनचे दोन वर्षांचे पॅड काढून नवे बसवले, तेव्हा जुने आणि नवे टेबलावर शेजारी ठेवले. नवा पॅड उभा, फुगीर. जुना चपाती झालेला, आतल्या कडेला कानाची नक्षी उमटलेली. नव्यावर गाणं लावलं तर वाटलं, चुकून दुसराच हेडफोन डोक्यावर चढवला. आजवर ॲम्प बदलून मला असा धक्का कधी बसला नाही. चष्मा लावून बंद पाठीचा हेडफोन घातला, की काडीच्या फटीतून बास गळतो, तोही फरक ॲम्पच्या कैक पट. (आणि शंभर तास म्हणजे वस्तू परत करायची मुदत संपायचीच वेळ, हा निव्वळ योगायोग असावा.)

"कान खोटं बोलत नाहीत"

कान बोलतच नाहीत, बोलतो मेंदू. आणि मेंदूला डोळेही आहेत. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी तेच स्पीकर त्याच लोकांना एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ऐकवले. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि छोट्या प्लास्टिकच्या जोडीचे घटले. पडद्याआड ते अंतर आटलं.

मी स्वतः या खड्ड्यात पडलोय, तेव्हा दुसऱ्यांना हसायचा हक्क मला नाही. माझ्याकडे एक छोटा ॲम्प होता. मोठा, जाड ॲल्युमिनियमचा, जड नॉबचा दुसरा आणला. पहिल्याच रात्री वाटलं, गायिका खोलीत आली. तंबोरा मागे, पेटी डावीकडे, सगळं सुटं सुटं. चार जणांना तसं सांगितलंही.

महिन्याभराने भाची राहायला आली होती. तिला हाताशी धरलं. दोन्ही ॲम्पना एकच सिग्नल, मध्ये एक साधा स्विच. आधी एक किलोहर्ट्झचा सूर लावला आणि हेडफोनच्या प्लगवर मल्टिमीटर टेकवला. छोट्यावर आकडा ०.३०० व्होल्ट. मोठ्यावर, माझ्या नेहमीच्या खुणेवर नॉब ठेवून, ०.३३५. म्हणजे जवळजवळ एक डेसिबलने मोठा. गंमत अशी, की एवढा फरक "मोठा आवाज" म्हणून जाणवत नाही. तो जाणवतो "मोकळा", "भरीव", "जिवंत" म्हणून. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की आवाजाची पातळी बदलली की कानाला बास आणि मधले सूर यांचं प्रमाणही बदलल्यासारखं वाटतं.

नॉब केसाएवढा मागेपुढे करत दोन्ही ०.३०० वर आणले. मग मी पाठ करून बसलो आणि भाचीने नाणं उडवून सोळा वेळा स्विच लावला. सोळात बारा बरोबर आले असते, तर नशिबाचा संशय बराचसा मिटला असता. माझे आले सात. नवव्या वेळेला ती म्हणाली, "मामा, झोपलास का?" झोपलो नव्हतो. गायिका कुठे गेली ते शोधत होतो.

एकट्या माझा निकाल पुरावा म्हणून मोजू नका, पण त्याला सोबत आहे. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज थेट आणि साध्या सीडीच्या गुणवत्तेतून गाळून असा लोकांना ऐकवला. ५५४ वेळांपैकी २७६ उत्तरं बरोबर आली. अर्ध्यापेक्षा एक कमीच.

घरी हे करायला प्रयोगशाळा लागत नाही. मल्टिमीटर, स्विच आणि निकाल लिहून घेणारं कुणीतरी, एवढं पुरतं. पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. न जुळवता केलेल्या तुलनेवर तासभर बोलता येतं खरं, पण त्या तासाभरात आपण नॉबबद्दलच बोलत असतो.

एक अडचण मान्य करतो: हेडफोनची अशी परीक्षा घरी जमत नाही, कारण डोक्यावर काय बसलंय ते वजनाने आणि पॅडच्या स्पर्शाने कळतंच. ऑलिव्ह यांच्या मंडळींनी त्यावर तोड काढली. वेगवेगळ्या हेडफोनचे आवाज इक्वलायझरने एकाच हेडफोनवर उतरवून ऐकवले. यातूनही निघतं ते हेच, की फरक मुख्यतः हेडफोनच्या सूर-पट्टीत, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सूर तो किती प्रमाणात वाजवतो त्यात आहे, आणि तिथे तो ढळढळीत, पाच-पाच, दहा-दहा डेसिबलचा असतो. नीट बनवलेल्या दोन ॲम्पमधला फरक त्याच पट्टीत ०.१ डेसिबलही नसतो.

मग निम्मं-निम्मं कुठून आलं?

मला माहीत असलेल्या कुठल्याही हिशेबातून ते निघत नाही. उलट, किंमत आणि आवाज यांचं नातं हेडफोनमध्येसुद्धा पातळ आहे. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मापं आणि किमती ताडून पाहिल्या. सूर-पट्टीचा आणि किमतीचा संबंध त्यांना सापडला नाही. जिथे फरक कान सोडून डोळ्यांनाही दिसतो तिथे ही गत, तर ॲम्पमध्ये किमतीच्या टक्केवारीने काय ठरवायचं?

मला विचारणाऱ्या तिघांना मी वेगवेगळी उत्तरं दिली. एकाकडे ३२ ओहमचा, उघड्या पाठीचा हेडफोन होता, त्याला म्हटलं डोंगल पुरे, उरलं तर पॅडचा एक जोड घेऊन ठेव. दुसऱ्याकडे ब्लूटूथवाला होता. त्याच्या पोटातच ॲम्प आहे, वायरलेस ऐकताना बाहेरचा ॲम्प त्याला जोडणार कुठून? तिसऱ्याने भुकेला प्लेनर घेतला होता. त्याला म्हटलं, तू घेच, एक वॉट देणारा, स्वतःचा अडथळा एका ओहमच्या आत असलेला. पण हेडफोनच्या किमतीशी तुलना करत बसू नकोस.

माझा तो मोठा ॲम्प अजून टेबलावरच आहे. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी भाचीने विचारलं, "मामा, फरकच नाही तर मग हा ठेवलायस कशाला?"

मी तिला म्हटलं, नॉब फिरवून बघ.

तिने फिरवला. मग परत मागे आणला, पुन्हा फिरवला. "हां," म्हणाली, "हे मात्र आहे."